चादरीशी बोलणी

‘प्रशस्त, हवेशीर, मोक्याची जागा. एकत्र कुटुंबासाठी आदर्श.’

थोरलीने मोबाइलवरची जाहिरात वाचून दाखवली आणि चष्मा कपाळावर सरकवला. टॅक्सीच्या मागच्या सीटवर तिच्या एका बाजूला नवरा होता, दुसऱ्या बाजूला धाकटी जाऊ. पुढे ड्रायव्हरशेजारी सासरे, म्हणजे अण्णा. मांडीवर चटईची गुंडाळी आणि तिच्यावर घडी घातलेली निळी चादर. दीर मागून स्कूटरवर येत होता, कारण ही टॅक्सीसुद्धा फोनवर बोलताना प्रशस्त होती.

“प्रशस्त म्हणजे सामान आत नेण्यापूर्वी,” थोरली म्हणाली. “हवेशीर म्हणजे एक तरी खिडकी लागत नाही. मोक्याची जागा म्हणजे खाली बसचा थांबा.”

“आणि एकत्र कुटुंबासाठी आदर्श?” धाकटीने विचारलं.

“म्हणजे संडास दोन आहेत.”

ड्रायव्हर हसला. नवरा हसला नाही. तो विमा कंपनीत होता, लोकांचे दावे नाकारण्याच्या विभागात, आणि हसण्यापूर्वी पूर्ण कागदपत्रं मागायची त्याला सवय होती.

“सगळंच वाईट नसतं,” तो म्हणाला. “मी फोटो पाहिलेत.”

“फोटोत मीसुद्धा बरी दिसते.”

पुढच्या सीटवर अण्णांचे खांदे हलले. ते हसले की टॅक्सी खड्ड्यातून गेली, हे कळायला मार्ग नव्हता.

थोरली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर ती माणसांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावायची आणि दिवसभर माणसं ती ओळ न वाचता ठोकून द्यायची. दिसत नाही असं म्हणायला कोणी तयार नसायचं. घरांच्या जाहिराती वाचायला तिला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

‘निसर्गाच्या सान्निध्यात.’ खिडकीत एक झाड, झाडाखाली कचराकुंडी.

‘किरकोळ डागडुजी आवश्यक.’ छत आवश्यक.

‘मालक परगावी, तातडीने देणे.’ मालक तीन भाऊ, एकमेकांना कोर्टात भेटतात.

राहत्या इमारतीला आधाराचे खांब लावून झाले होते. वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं केव्हाच गेली होती आणि जाताना नळसुद्धा काढून घेऊन गेली होती. त्यामुळे घर शोधायचं होतं. शोधायचं होतं ते एक घर, मोठं, सगळ्यांनी मिळून राहण्याचं. असं जाहीर झालं होतं. जाहीर करताना थोरल्याचा आवाज दाटून आला होता. धाकट्याने ‘दादा म्हणतो तेच माझं’ म्हटलं होतं, आणि दुसऱ्याच आठवड्यात दोघंही, एकमेकांच्या नकळत, दोन-दोन खोल्यांची घरं बघायला लागले होते.

थोरल्याने आपल्या बायकोला सांगितलं. धाकट्याने आपल्या बायकोला सांगितलं. दोन्ही बायकांनी दोरीवरचे कपडे काढता काढता एकमेकींना सांगितलं. मग ह्या दोघींमुळे त्या दोघांनाही कळलं. आता सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. अण्णा सोडून.

आणि थोरलीला, खरं सांगायचं तर, ह्या कटाबद्दल काडीचंही दुःख नव्हतं. लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हापासून तिला वेगळं घर हवं होतं. कोणाचा राग म्हणून नाही. संध्याकाळी कुलूप उघडून आत जावं आणि आत कोणीही नसावं, एवढ्याचसाठी. आता ते घर हाताशी आलं होतं. नवऱ्यासोबत जाऊन तिने ते पाहिलंही होतं. फक्त अण्णांना सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते आज ठरलं होतं.

*

अण्णा उभा जन्म एका गोदामावर रात्रीचे पहारेकरी होते. रात्री जागायचं, दिवसा झोपायचं. दिवसा झोपणाऱ्या माणसाचं घर कसं असतं हे त्या घरात वाढलेल्यालाच कळतं. मुलं कुजबुजत भांडायची. दारं उचलून लावली जायची. आणि अण्णांना काही सांगायचं तर ते जागे असायचे कधी? उठले की दाढी, डबा, टॉर्च, आणि निघाले.

म्हणून सासूबाईंनी, त्या होत्या तेव्हा, एक रीत पाडली. नवऱ्याने चादर डोक्यावरून घेतली की त्या बाजूला बसायच्या आणि भिंतीकडे बघून बोलायच्या. ‘थोरला गणितात नापास झालाय म्हणे.’ ‘धाकट्याने शेजारच्यांची काच फोडली.’ चादर घोरत राहायची. संध्याकाळी अण्णा उठायचे, कोणाला काही विचारायचे नाहीत, आणि जाताना काचेचे पैसे कपाटावर ठेवलेले सापडायचे.

ह्याला घरात ‘चादरीशी बोलणी’ म्हणत. अण्णा निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, रीत राहिली. उलट पक्की झाली. तोंडावर बोलायची सवयच कोणाला उरली नाही. थोरल्याने लग्न करायचंय हे चादरीला सांगितलं होतं. थोरलीला नोकरी करायचीय हेसुद्धा चादरीलाच कळलं, आणि दुसऱ्या दिवशी अण्णा सहज म्हणाले होते, ‘त्या बाजूला पाऊस जास्त असतो, छत्री ने.’

चादरीचा निकाल असा यायचा. त्यावर अपील नव्हतं.

ह्या बोलण्यांना विधीही होता. सुरुवात करणाऱ्याने विचारायचं, ‘अण्णा झोपलेत ना?’ दुसऱ्याने म्हणायचं, ‘गाढ.’ मग अण्णा घोरायचे. दोन छोटे घोर, एक लांब. मुद्द्याची गोष्ट आली की लांब घोर मध्येच थांबायचा; शब्द नीट ऐकू यायला नकोत?

घर बघायला जाताना चटई नेण्याचा नियम अण्णांचाच. ज्या घरात दुपारी झोप लागत नाही ते घर घ्यायचं नाही. चार भिंती सगळेच दाखवतात, घर झोपल्यावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. आतापर्यंत एकाही घरात त्यांना झोप लागली नव्हती. ‘शांत परिसर’ म्हणून दाखवलेल्या घरात वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवत होतं, आणि चौकशी केल्यावर ते रोजच सरकवतात असं कळलं. एका घरात भिंतीपलीकडे लिफ्टचं यंत्र निघालं. एका घरात मालकिणीला वाटलं पाहुण्याला भोवळ आली. तिने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि ते घर तिथेच बाद झालं.

*

दलाल फाटकाशी उभा होता. त्याला घरचे सगळे ‘प्रशस्त’ म्हणत, तोंडावर सोडून.

“या, या! अगदी प्रशस्त काम आहे बघा. आणि आजच सांगा हं, दुसरी पार्टी टोकन घेऊन बसलीये.”

“बसलीये कुठे?” थोरलीने विचारलं. “इथे तर कोणी दिसत नाही.”

“म्हणजे... मनाने बसलीये.”

धाकट्याने स्कूटर लावली. तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा आणि कुठल्याही घरात शिरला की आधी नळ सोडायचा. “एकदम फोर्स आहे, दादा!” तो आतून ओरडला. त्याचं सगळंच एकदम असायचं.

घर, म्हणायला लाज वाटावी, इतकं चांगलं होतं. तिसरा मजला. खोल्या चार, चारही खोल्यांना दारं, दारांना कड्या. भिंतींवर आधीच्या माणसांच्या कपाटांचे फिके चौकोन. थोरली खोट शोधत फिरली. ओल नाही. खिडक्या सगळ्या लागत होत्या. स्वयंपाकघरात एका वेळी दोन बायका न भांडता उभ्या राहतील एवढी जागा होती, आणि तिथे धाकटी आधीच उभी होती.

“ताई, हे तर चांगलं निघालं,” धाकटी हळूच म्हणाली. “आता हो?”

“आता काही नाही. आपल्याला नकोय.”

“हो ना. पण चांगलं निघायला नको होतं.”

धाकटी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांच्या शिरा शोधून झाल्यावर माणूस जसं बोलेल तसं ती बोलायची, हळू आणि खोल.

मधल्या खोलीत अण्णांनी चटई अंथरली. चपला भिंतीशी काढल्या, उशाला हात घेतला, चादर गळ्यापर्यंत ओढली. दलालाला चहाला पिटाळलं. चौघं चटईभोवती उभी राहिली, ऑपरेशनच्या टेबलाभोवती उभी राहावीत तशी.

थोडा वेळ गेला.

“अण्णा झोपलेत ना?” थोरल्याने विचारलं.

“एकदम गाढ,” धाकटा म्हणाला.

*

“अण्णांची सोय हा माझ्या दृष्टीने पहिला मुद्दा आहे,” थोरल्याने सुरुवात केली.

(दुसराही मुद्दा आहे, आणि तोच खरा.)

“एकत्र राहण्यातला आनंद वेगळाच, दादा. पण माझी मुलं मोठी होतायत.”

(मुलांचं काही म्हणणं नाही. मुलांना विचारलेलं नाही.)

“अंतराने मनं दुरावत नाहीत.”

(त्याने बघितलेलं घर शहराच्या ह्या टोकाला, ह्याने बघितलेलं त्या टोकाला.)

“आणि अण्णांना दोन्हीकडे हक्काची खोली!”

(दोन्हीकडे खोल्या दोनच.)

थोरली ऐकत होती आणि तिच्या डोक्यात अर्थ आपोआप उमटत होते. एवढी वर्षं आपण ज्याच्यासोबत संसार केला तो माणूस बोलतो तेव्हा जाहिरात करतो, हे तिला नवं नव्हतं. फक्त आज ती सलग ऐकायला मिळत होती. ‘देणे आहे: नवरा एक. दर्शनी भाग उत्तम. आतून किरकोळ डागडुजी आवश्यक. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बोलणी नाहीत.’

“सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तुझ्याकडे,” थोरला म्हणाला. “त्यांनाही बदल.”

“एकदम बरोबर. उन्हाळा तुझ्याकडे.”

“उन्हाळा का? माझं वरच्या मजल्यावर आहे. तापतं.”

“मग माझ्याकडे पावसाळ्यात गळतं, त्याचं काय?”

“गळतं? तू तर म्हणालास नवीन बांधकाम.”

“नवीनच आहे. नवीन असतानाच गळतं.”

“हळू,” धाकटी म्हणाली. “सुई लागलीये, हात हलवू नका.”

दोघं भाऊ बापाचे ऋतू वाटून घेऊ लागले. कोणी घासाघीस सोडेना. आणि तेव्हाच थोरलीच्या लक्षात आलं की मघापासून काहीतरी कमी आहे. दोन छोटे, एक लांब. ते नव्हतंच. एवढ्या मोठ्या मुद्द्यावर चादरीने घोर थांबवला नव्हता, कारण तो सुरूच झाला नव्हता.

ती वाकली. अण्णांचं तोंड किंचित उघडं होतं. खालचा ओठ श्वासागणिक थरथरत होता. असे ते तिने एकदाच पाहिले होते, हर्नियाच्या ऑपरेशननंतर, भूल उतरत असताना.

ते झोपले होते. खरोखरचे. ह्या घराने जाहिरातीतला शब्दन् शब्द खरा केला होता.

आता? ‘थांबा, ते ऐकत नाहीयेत’ असं म्हणावं, तर ते एरवी ऐकतात हे कबूल करावं लागणार. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि आजवर कोणीही बोलून दाखवली नव्हती. ती गप्प बसली. भाऊ बोलत राहिले, समजूतदार, भरल्या गळ्याने, एका झोपलेल्या माणसासमोर.

“तर असं ठरलं,” थोरला शेवटी चटईकडे बघत म्हणाला. “अण्णांचा आशीर्वाद असेलच.”

*

अण्णा उठले ते नेहमीसारखे खोकून नाही, दचकून. आधी छताकडे बघितलं, मग भिंतींकडे, मग ह्या चौघांकडे. आपण कुठे आहोत हे त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांचा सगळा चेहरा पसरला.

“हे घर घ्या,” ते म्हणाले. “डोळे मिटून घ्या.”

थोरल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा स्वतःचा दावा नाकारला गेला होता. धाकट्याने भावाकडे पाहिलं. दोघांनाही एकच अर्थ लागला होता: चादरीने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. वेगळं व्हायचं नाही.

“अण्णा म्हणतायत तर...” धाकटा पुटपुटला.

“प्रश्नच नाही,” थोरला म्हणाला. “अण्णांची सोय पहिली.”

दलाल चहा पिऊन दारात आलाच होता. “मग टोकन?”

थोरल्याने खिशात हात घातला.

थोरली त्या हाताकडे बघत राहिली. तो हात बाहेर आला की संपलं. चार खोल्या, चार कड्या, दोन संडास, आणि दारावर सगळ्यांच्या नावाची एकच पाटी. नवरा तर सुटला होता. उद्यापासून तो ‘वडिलांच्या शब्दासाठी’ असं सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरला असता. हे निव्वळ गैरसमजातून होत होतं आणि तो गैरसमज ह्या खोलीत फक्त तिला दिसत होता.

“अण्णा,” ती म्हणाली. “तुम्ही झोपला होतात.”

“तेच तर सांगतोय. डोळा लागला. कधी लागला कळलंसुद्धा नाही.”

“म्हणजे खरंच झोपला होतात.”

‘खरंच’ हा शब्द ह्या बाबतीत घराण्यात आजवर कोणी उच्चारला नव्हता.

“अगं, काय बोलतेयस!” नवरा म्हणाला. “ते झोपतातच नेहमी.”

“नाही झोपत. नेहमी ऐकतात. आज झोपले.” ती चटईच्या काठावर खाली बसली. गुडघे वाजले. “अण्णा, आज चादरीला एक गोष्ट सांगायची ठरली होती. सांगून झाली. तुम्ही ऐकली नाहीत. आम्हाला एक घर नकोय. दोन हवीत. ह्या दोघांनी बघूनही ठेवलीयत. आणि तुम्ही सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. उन्हाळा कोणाकडे ते अजून ठरायचंय.”

दलाल उलट पावली पुन्हा चहाला गेला.

अण्णांनी मुलांकडे पाहिलं. उघड्या डोळ्यांनी. दोघा मुलांना ते डोळे इतक्या वेळ सलग कधी बघावे लागले नव्हते.

“काय रे?” त्यांनी विचारलं.

“बाल्कनीत...” धाकटा म्हणाला. “बाल्कनीत ऊन एकदम छान येतं, अण्णा.”

“पाणी चोवीस तास आहे,” थोरला म्हणाला.

अण्णा थोरल्या सुनेकडे वळले. टॅक्सीच्या पुढच्या सीटवर बसून त्यांनी इतके दिवस काय ऐकलं होतं ते तेव्हा तिला कळलं.

“अर्थ?”

“अर्थ असा की दोघांनाही वेगळं व्हायचंय आणि दोघांचीही तुम्हाला सांगायची छाती नाही.”

“आणि तुला?”

“मलाही वेगळं व्हायचंय.”

“मलाही,” मागून धाकटी म्हणाली. “जरासं टोचेल, अण्णा. पण मलाही.”

अण्णांनी चादर अंगावरून काढली, कोपऱ्याला कोपरा जुळवून तिची घडी घातली. घाई नव्हती. ह्या खोलीतून निघण्याची घाई फक्त त्यांच्या मुलांना होती.

“झोप चांगली लागली होती,” ते म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. मग थोरलीला: “तुझं जे घर आहे, त्यात मी कुठे?”

नवरा पुढे सरसावला. “अण्णा, हा काय प्रश्न झाला? तुमच्यासाठी तर आम्ही...”

“तुला नाही विचारलं.”

थोरलीने ते घर मनात कितीदा लावलं होतं. पडदे लावले होते, ओल्या छत्रीसाठी खिळा ठोकला होता, खिडकीशी एक खुर्ची ठेवली होती. ती दारापासून आतपर्यंत फिरून आली. अण्णा कुठेच नव्हते. शेवटची ओळ होती ही, आणि अंदाजाने ठोकून देणं तिला सहज जमलं असतं.

“नव्हतात, अण्णा,” ती म्हणाली. “आत्तापर्यंत मी तुम्हाला त्यात धरलंच नव्हतं.”

“अगं!” नवरा म्हणाला.

“करता येईल. मागे एक खोली आहे, त्या दोनांत न मोजलेली. जाहिरातीत तिला अभ्यासिका म्हटलंय. अभ्यासिका वगैरे काही नाही, अडगळीची खोली आहे. तुमची खाट मावेल, कपाट मावणार नाही. खिडकी आहे, पण रस्त्यावर. सकाळी शाळांच्या बस येतात, हॉर्न वाजवतात. एका भिंतीपलीकडे आमचं स्वयंपाकघर, तेव्हा मिक्सर ऐकू येणार. दुपारची झोप विसरा. आणि मी दुकानातून आले की तासभर माझ्याशी कोणी बोललेलं मला खपत नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

“बारा महिने?”

“बारा महिने.”

अण्णांनी चपला पायात सरकवल्या. चटई गुंडाळली, तिची दोरी दोनदा ओढून बांधली आणि ती काखेत मारून उभे राहिले.

“बघायला कधी जायचं?”